सहा आकड्यांचा हिशोब: तिकीट घेण्याआधी पत्त्यांचा कॅट घेऊन बसा

माझ्या मामाकडे एक दोनशे पानी वही होती. वीसेक वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानात मशीनवरची लॉटरी आली, त्यातल्या एका खेळात १ ते ४९ मधले ६ आकडे निवडायचे असायचे, आणि मामा प्रत्येक सोडतीचे आकडे त्या वहीत उतरवून घ्यायचा, कुठला किती वेळा आला, कुठला किती आठवडे आलाच नाही, लाल पेनाने गोल, निळ्या पेनाने फुली. माणूस हिशोबाला एकदम पक्का, दुकानाची खतावणी एका रुपयाने चुकायची नाही, आणि तरीही त्या वहीपायी त्याचे किती पैसे गेले ते मामीलाच माहीत. मी तेव्हा अकरावीत होतो, क्लासमध्ये नुकतंच क्रमचय-संचय सुरू झालं होतं, वहीत काय चुकतंय ते मला अर्धवट दिसत होतं पण मोठ्या माणसाला समजावून सांगण्याइतकं माझं मलाच स्पष्ट नव्हतं. आज आहे, म्हणून लिहितोय. ज्यांनी दहावीच्या बीजगणितातला संभाव्यतेचा धडा ऑप्शनला टाकला होता त्यांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न करतो. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आणि पत्त्यांचा एक कॅट, एवढंच लागेल.

पहिली पायरी: तुमची लॉटरी कुठल्या प्रकारची आहे ते बघा

दोन प्रकार असतात आणि लोक ते सर्रास मिसळतात. आपल्याकडे राज्य सरकारची जी कागदी लॉटरी असते, गुढीपाडवा बंपर, दिवाळी बंपर वगैरे, तिच्यात आकडा तुम्ही बनवत नाही, तो तिकिटावर आधीच छापलेला असतो, सीरिज आणि पुढे नंबर. इथे हिशोब अगदी सरळ. समजा ५ सीरिज आहेत आणि प्रत्येकीत ००००० ते ९९९९९ असे एक लाख नंबर, तर एकूण ५ लाख तिकिटं, पहिलं बक्षीस एक, म्हणजे तुमच्या एका तिकिटाची शक्यता ५ लाखात १. झालं. नंबर "दिसायला" कसा आहे याला शून्य महत्त्व. ५५५५५ आणि ४८२०७ दोन्ही सारखेच. आणि सोडतीत ४५६७९ निघाला आणि तुमच्याकडे ४५६७८ होता तर तुम्ही "थोडक्यात" हुकला नाहीत हो, ०००१२ वाला जितका लांब होता तितकेच तुम्ही लांब होतात. "एका आकड्याने गेलं" ही भावनाच माणसाला परत दुकानात नेते, मामाला पण तिनेच नेलं.

तशीच एक गोष्ट म्हणजे "त्या स्टॉलवर बक्षीस लागतं". लागतं, कारण तिथे तिकिटं जास्त विकली जातात. स्टेशनसमोरच्या स्टॉलवरून रोज हजार तिकिटं जात असतील आणि गल्लीतल्या टपरीवरून वीस, तर बक्षिसाचा बोर्ड कुठे लागणार ते उघड आहे, पण तिथून घेतलेल्या एका तिकिटाची शक्यता टपरीवरच्या तिकिटाएवढीच.

दुसरा प्रकार म्हणजे आकडे आपण निवडायचे. जगभरातल्या मोठ्या लॉटऱ्या बहुतेक अशा असतात, आणि गैरसमजांचं खरं पीक इथे येतं. पुढचा बहुतेक हिशोब ४९ पैकी ६ याच खेळाचा आहे, ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी १९९४ मध्ये याच आकारात सुरू झाली होती, आणि मामाचा खेळ पण हाच.

दुसरी पायरी: एकूण किती जोड्या होतात ते स्वतः मोजा

जोडी म्हणजे इथे सहा आकड्यांचा एक संच. स्वतः मोजा हे मी मुद्दाम म्हणतोय, कोणीतरी सांगितलेला आकडा डोक्यात बसत नाही. सोडतीत आकडे लिहिलेले चेंडू काढतात असं धरा, पहिला चेंडू ४९ पैकी कुठलाही येऊ शकतो. तो बाहेर गेला, उरले ४८. मग ४७, ४६, ४५, ४४. यांचा गुणाकार करा: ४९ × ४८ × ४७ × ४६ × ४५ × ४४. उत्तर येतं १०,०६,८३,४७,५२०, म्हणजे हजार कोटींच्या वर. पण यात एक गोष्ट जास्तीची मोजली गेली, क्रम. ३ आधी आला आणि ४१ नंतर, किंवा उलट, आपल्या तिकिटाला काही फरक पडत नाही. सहा आकडे आपापसात ६ × ५ × ४ × ३ × २ × १ = ७२० प्रकारे मांडता येतात, म्हणून त्या मोठ्या आकड्याला ७२० ने भागा.

१,३९,८३,८१६.

एक कोटी एकोणचाळीस लाख त्र्याऐंशी हजार आठशे सोळा. तुमचं तिकीट यातलं एक. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या साधारण १ कोटी २४ लाख होती, म्हणजे दहिसरपासून कुलाब्यापर्यंत आणि मुलुंड-मानखुर्द सगळं धरून कोणीतरी डोळे मिटून एका माणसावर बोट ठेवलं आणि ते तुम्हीच निघालात, तर तेसुद्धा जॅकपॉटपेक्षा सोपं आहे.

याच रीतीने दुसऱ्या लॉटऱ्यांचं पण काढून बघा. ब्रिटनने ऑक्टोबर २०१५ मध्ये ४९ चे ५९ आकडे केले. ऐकायला वाटतं दहाच तर वाढवले, पण ५९ × ५८ × ५७ × ५६ × ५५ × ५४ भागिले ७२० केलं की ४,५०,५७,४७४ येतात, म्हणजे तिपटीहून जास्त. जाहिरातीत जॅकपॉट मोठा झालेला दिसतो, खालचा हा हिशोब बदललेला कोणी बघत नाही.

तिसरी पायरी: थोडे आकडे जुळण्याची शक्यता

सहाच्या सहा सोडा, तीन जुळले तरी छोटं बक्षीस असतं ना, मग ते कसं काढायचं? रीत अशी की निघालेल्या ६ मधले ३ तुमच्याकडे असायला हवेत आणि तुमचे उरलेले ३ न निघालेल्या ४३ मधले. सहातून तीन निवडायचे प्रकार २०. त्रेचाळीसमधून तीन निवडायचे प्रकार १२,३४१ (४३ × ४२ × ४१ भागिले ६). गुणाकार २,४६,८२०. एकूण जोड्यांना याने भागलं की साधारण ५६.७, म्हणजे ५७ तिकिटांत एक. तसंच चार जुळायचे प्रकार १३,५४५, म्हणजे १,०३२ मध्ये एक, आणि पाच जुळायचे फक्त २५८, म्हणजे ५४,२०१ मध्ये एक.

आता जे कोणी सांगत नाही ते बघा. एकही आकडा न जुळण्याचे प्रकार ६०,९६,४५४ आहेत, म्हणजे साधारण ४३.६ टक्के. एकच जुळण्याची शक्यता ४१.३ टक्के, दोन जुळण्याची १३.२ टक्के. हे तीन मिळून ९८ टक्क्यांच्या वर जातात. म्हणजे शंभर तिकिटांतली अठ्ठ्याण्णव तिकिटं यातच संपली.

इथेच एक चूक मी पण केली होती. ५७ मध्ये एक म्हणजे ५७ आठवडे खेळलं की एकदा लागणारच, असं वाटतं. नाही लागत. दर आठवड्याला न लागण्याची शक्यता ५७ मध्ये साधारण ५६, ती ५७ वेळा स्वतःशीच गुणली की ०.३६ च्या आसपास येते. म्हणजे शंभर माणसं ५७ आठवडे खेळली तर त्यातली ३६ जणं तोपर्यंत तीन आकडे एकदाही न जुळवता घरी बसलेली असतात, आणि त्यांना वाटत असतं आपलं नशीबच फुटकं. नशीब बिशीब काही नाही, ते गणितात आधीच लिहिलेलं आहे.

चौथी पायरी: आता पत्ते काढा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, मुलांना सोबत घेऊन करा. बावन्न पत्त्यांतून किलवरचा गुलाम, राणी, राजा बाजूला ठेवा. उरले ४९. इस्पिक एक्का ते राजा म्हणजे १ ते १३, बदाम १४ ते २६, चौकट २७ ते ३९ आणि किलवर ४० ते ४९. घरच्या घरी लॉटरी मशीन तयार. नीट पिसा, सहा पत्ते काढा, आकडे लिहा, पत्ते परत टाका, परत पिसा, परत सहा काढा. अशा तीस-चाळीस सोडती घ्या, अर्ध्या तासात होतात. पिसताना कंजूषी करू नका, सात-आठ वेळा तरी पिसा, नाहीतर आधीचे पत्ते चिकटून येतात आणि हिशोब बिघडतो.

आता दोन गोष्टी मोजा.

एक, आधीच्या सोडतीतला निदान एक आकडा पुढच्या सोडतीत परत आला असं किती वेळा झालं? मामाचा नियम होता की कालचे सहा आकडे आज घ्यायचेच नाहीत, "ते येऊन गेले". मगाशी आपण काढलं की ठरावीक सहातला एकही न येण्याची शक्यता ४३.६ टक्के, म्हणजे निदान एक परत येण्याची शक्यता ५६.४ टक्के. निम्म्याहून जास्त सोडतीत "येऊन गेलेला" आकडा परत येतो! तुमच्या चाळीसमध्ये बावीस-तेवीसच्या आसपास दिसेल, थोडं मागेपुढे.

दोन, लागोपाठचे आकडे, म्हणजे १७-१८ किंवा ३०-३१, असे किती सोडतीत आले? बहुतेक जणं तिकीट भरताना लागोपाठचे टाळतात कारण ते "ठरवून केल्यासारखे" दिसतात. एकही लागोपाठची जोडी नसलेले प्रकार मोजायची एक सुंदर युक्ती आहे: सहा आकड्यांमध्ये पाच फटी असतात, प्रत्येक फटीतला एक आकडा काढून टाकला की ४९ चे ४४ होतात, आणि प्रश्न ४४ मधून कुठलेही ६ निवडायचा उरतो. ते येतात ७०,५९,०५२. एकूण जोड्यांच्या जेमतेम निम्मे. म्हणजे सरासरी दर दोन सोडतींत एकीत कुठेतरी लागोपाठचे आकडे असतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्याच रात्री पत्ते घेऊन बसलो होतो आणि खरंच तसं येत होतं, तो आनंद वेगळाच.

हे ७०,५९,०५२ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाचवी पायरी: "बाकी राहिलेला आकडा"

वहीतला सगळ्यात महागडा गैरसमज हाच. एखादा आकडा खूप दिवस आला नाही म्हणजे आता तो यायलाच हवा. चेंडूला माहीत नसतं तो गेल्या वेळी आला होता का. पत्त्यांना माहीत असतं का? तुम्ही चौकट पंजा दहा वेळा काढला नाहीत म्हणून तो गठ्ठ्यात वर सरकतो का?

इटलीत यातून फार वाईट झालं होतं. तिथल्या लोट्टो खेळात शहरांच्या नावाने वेगवेगळ्या सोडती असतात, प्रत्येकीत ९० पैकी ५ आकडे निघतात. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा मे २००३ नंतर येईचना. लोकांनी त्याच्यावर पैसे लावायला सुरुवात केली, नाही आला की आणखी, परत नाही आला की त्याहून जास्त, घरं गहाण पडली, काही जणांनी जीव दिला, आणि या एका आकड्यावर देशभरातून अब्जावधी युरो लागले. शेवटी ९ फेब्रुवारी २००५ ला ५३ आला, १८२ सोडती चुकवल्यानंतर.

आता हिशोब करा. एका सोडतीत ५३ येण्याची शक्यता ९० पैकी ५, म्हणजे १८ मध्ये १. १८२ वेळा सलग न येणं म्हणजे १७/१८ स्वतःशी १८२ वेळा गुणायचं, साधारण ३३ हजारात एक. दुर्मीळ आहे, कबूल. पण सोडती दहा शहरांच्या आणि प्रत्येकीत ९० आकडे, म्हणजे ९०० "घोडे" वर्षानुवर्षं धावतायत, त्यातला एखादा कधीतरी एवढा मागे पडणारच. आणि मुख्य म्हणजे १८२ वेळा चुकल्यानंतर १८३ व्या वेळी त्याची शक्यता किती होती? तीच, १८ मध्ये १. ज्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पैसे लावले त्यांची आणि ज्यांनी दीड वर्ष लावले त्यांची शक्यता एकच.

"हॉट", म्हणजे वारंवार आलेल्या आकड्यांचं पण हेच, फक्त उलट बाजूने. पन्नास सोडतीत एखादा आकडा अकरा वेळा येईल आणि एखादा दोनदाच, यात काही खास नाही, तुमच्या पत्त्यांतही तसंच दिसेल.

आणि आख्खी जोडीच परत आली तर? ६ सप्टेंबर २००९ ला बल्गेरियाच्या लॉटरीत ४, १५, २३, २४, ३५, ४२ निघाले आणि चार दिवसांनी, १० सप्टेंबरला, पुढच्याच सोडतीत तेच सहा परत निघाले, फक्त क्रम वेगळा. चौकशी लागली, काही गडबड सापडली नाही. आपल्या ४९ च्या खेळात बघायचं तर, एका खोलीत २३ माणसं जमली की त्यातल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते ना, तोच हिशोब इथे लावला की साधारण ४,४०० सोडती झाल्या की कुठल्यातरी दोन सोडती सारख्या असण्याची शक्यता निम्म्यावर जाते. आठवड्याला दोन सोडती धरल्या तर ४२ वर्षं, आणि जगात तर अशा कितीतरी लॉटऱ्या चालू आहेत. लगेच पुढच्याच सोडतीत येणं हे नक्कीच विलक्षण, पण अशक्य नाही. तिथे दुसऱ्या वेळी १८ जणांनी तेच आकडे लावले होते, पहिल्या वेळी एकानेही नाही.

सहावी पायरी: "बॅलन्स" तिकिटाचा घोटाळा

युट्यूबवर सांगतात, तीन सम तीन विषम घ्या, बेरीज १५० च्या जवळ ठेवा, कारण "बहुतेक सोडती अशाच असतात". वाक्य खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे, म्हणून तर ते इतकं पटतं.

तीन विषम तीन सम असे प्रकार मोजले तर ४६,५५,२०० येतात, एकूण जोड्यांच्या ३३ टक्के. सहाही सम फक्त १,३४,५९६, एक टक्का पण नाही. म्हणजे सोडत तीन-तीनची निघेल ही शक्यता खरंच जास्त. पण तुम्ही ४६ लाख तिकिटं घेत नाही, त्यातलं एक घेता, आणि ते एक १,३९,८३,८१६ पैकीच एक असतं. मोठ्या गावात लॉटरी जास्त वेळा लागते म्हणून त्या गावात राहायला जाण्यासारखं आहे हे, गाव मोठं आहे पण वाटेकरी पण तितकेच. बेरजेचं पण तसंच. बेरीज २१ येणारी जोडी एकच, १-२-३-४-५-६, आणि बेरीज १५० येणाऱ्या जोड्या ढिगाने, पण त्या ढिगातल्या प्रत्येकीची शक्यता एकेकटी घेतली तर १-२-३-४-५-६ एवढीच.

"मग १-२-३-४-५-६ लावू का?" नका लावू, पण कारण वेगळं आहे.

सातवी पायरी: तुमच्या हातात काय आहे

कुठली जोडी निघेल ते तुमच्या हातात नाही. निघाली तर किती जणांबरोबर वाटायची, हे थोडंसं तुमच्या हातात आहे, कारण जॅकपॉट विजेत्यांमध्ये वाटला जातो आणि माणसं आकडे निवडताना चेंडूंसारखी वागत नाहीत. वाढदिवस, लग्नाचा दिवस, घराचा नंबर, ७ लकी, आकड्यांवर खुणा करायच्या स्लिपवर सरळ रेघ.

१४ जानेवारी १९९५ ला ब्रिटनमध्ये ७, १७, २३, ३२, ३८, ४२ निघाले. जॅकपॉट १,६२,९३,८३० पौंडांचा. विजेते निघाले १३३! प्रत्येकाला १,२२,५१० पौंड. बघायला ते आकडे किती साधे, विखुरलेले वाटतात, कोणाला वाटेल हे फारसं कोणी घेणार नाही, पण स्लिपवर ते मधल्या भागात पसरलेले होते आणि लोक खुणा करताना कडा टाळून मध्येच विखरून करतात. दक्षिण आफ्रिकेत १ डिसेंबर २०२० ला ५, ६, ७, ८, ९ आणि पॉवरबॉल (वेगळा काढला जाणारा सहावा आकडा) १० निघाला, लोक म्हणाले फिक्सिंग आहे, पण तेच आकडे लावलेले २० जण निघाले आणि त्यांनी जॅकपॉट वाटून घेतला. अमेरिकेत ३० मार्च २००५ च्या पॉवरबॉलमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसाला एकदम ११० जण आले, अधिकाऱ्यांना आधी घोटाळ्याचा संशय आला, नंतर कळलं की यातल्या बहुतेकांनी चिनी रेस्टॉरंटमध्ये मिळणाऱ्या भविष्याच्या बिस्किटातल्या चिठ्ठीवरचे आकडे लावले होते.

तर खेळायचंच असेल तर ३१ च्या वरचे काही आकडे घ्या. सगळे आकडे ३१ किंवा खाली असलेल्या जोड्या ७,३६,२८१ आहेत, एकूण जोड्यांच्या फक्त ५.३ टक्के, पण वाढदिवसवाले सगळे तिथेच गर्दी करून बसलेले. स्लिपवर रेघ, कोपरे, नक्षी टाळा. गेल्या सोडतीचे आकडे टाळा, ते येणार नाहीत म्हणून नाही, खूप जण तेच लावतात म्हणून. सगळ्यात सोपं म्हणजे पत्ते पिसून सहा काढा किंवा मशीनला निवडू द्या. याने जिंकायची शक्यता तसूभरही वाढत नाही हे परत सांगतो, जिंकलात तर वाटेकरी कमी, एवढंच.

आठवी पायरी: जास्त तिकिटं, "सिस्टिम", आणि सगळीच तिकिटं

दोन वेगळी तिकिटं घेतली की शक्यता दुप्पट होते, खरं आहे. १ कोटी ४० लाखात एकाची ७० लाखात एक. आठवड्याला दोन सोडती, प्रत्येकीला एक तिकीट, पन्नास वर्षं न चुकता खेळलात तर ५,२०० तिकिटं होतात, आणि आयुष्यभरात एकदा जॅकपॉट लागायची शक्यता साधारण २,६८९ मध्ये एक.

तेच आकडे कायम लावावेत की बदलत राहावेत, यावर मामाचे आणि त्याच्या मित्राचे वाद व्हायचे. फरक शून्य. फक्त कायम तेच लावणाऱ्याला एक जाच असतो, एक आठवडा चुकला आणि नेमके त्याच दिवशी निघाले तर, या भीतीने तो सोडूच शकत नाही. मामा तापाने फणफणलेला असताना मला पावसात तिकीट आणायला पाठवायचा.

"गॅरंटी" देणाऱ्या सिस्टिम विकल्या जातात. त्यात गणित खरं असू शकतं. २०२३ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या दोन गणितज्ञांनी दाखवलं की ५९ पैकी ६ च्या खेळात २७ तिकिटं नीट निवडली तर कुठल्यातरी एका तिकिटावर निदान दोन आकडे जुळणारच, हमखास. फार देखणं काम आहे. पण २७ तिकिटांचे दर तिकीट २ पौंडांनी ५४ पौंड होतात, आणि दोन आकडे जुळल्याचं बक्षीस म्हणजे पुढच्या सोडतीचं एक फुकट तिकीट. गॅरंटी कशाची आहे ते वाचा, फायद्याची नसते.

आणि सगळीच तिकिटं घेतली तर? हे खरंच केलंय. मूळच्या रोमानियाच्या आणि नंतर ऑस्ट्रेलियात गेलेल्या स्टीफन मँडेलने १९९२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या लॉटरीवर हा डाव टाकला, लोकांचे पैसे एकत्र करून. तिथे ४४ पैकी ६ होते, म्हणजे ७०,५९,०५२ जोड्या, मगाचाच आकडा. तिकीट एक डॉलर, जॅकपॉट २ कोटी ७० लाख डॉलर. तरी त्यांना सगळी तिकिटं वेळेत छापून घेता आली नाहीत, साधारण ५० लाखच झाली, म्हणजे तीसेक टक्के शक्यता होती सगळं बुडायची. जिंकले ते. पण बघा, या माणसाने आकडे ओळखायचा प्रयत्नच केला नाही, त्याने फक्त जोड्या मोजल्या आणि किंमत मोजली.

नववी पायरी: एका तिकिटाची खरी किंमत काढा

कागदी लॉटरीला हे फार सोपं जातं. सगळ्या बक्षिसांची बेरीज करा, एकूण तिकिटांनी भागा. समजा तिकीट १०० रुपये, तिकिटं ५ लाख, पहिलं बक्षीस १ कोटी, दहा बक्षिसं १ लाखाची, पाचशे ४ हजारांची, पाच हजार १ हजाराची, पन्नास हजार १०० रुपयांची. बेरीज २ कोटी ३० लाख, भागिले ५ लाख, म्हणजे ४६ रुपये. शंभराच्या तिकिटाची सरासरी किंमत ४६. आता पहिलं बक्षीस बाजूला काढा, कारण ते एकालाच मिळणार, तर उरतात २६ रुपये. आणि एकूण बक्षिसं ५५,५११ म्हणजे शंभरातल्या जवळपास ८९ तिकिटांना काहीच नाही. मोठ्या बक्षिसातून ३० टक्के टॅक्स कापला जातो ते पण धरा. ही आकडेमोड प्रत्येक तिकिटासाठी करा, बक्षिसांचा तक्ता समोरच असतो, मामाने एकदाही केली नव्हती, मी केली तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही.

मटक्याबद्दल पण लिहितो कारण "आकड्यांचं गणित" म्हटलं की आपल्याकडे मुलं थेट चार्ट उघडून बसतात. मटका बेकायदेशीर आहे, आणि १९९८ च्या लॉटरी कायद्यात एका अंकावर बक्षीस देणाऱ्या लॉटरीलाही बंदी आहे, ते उगाच नाही. एका आकड्याला एकाला नऊ हा जुना भाव धरा. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले की १०० गेले, ९० आले, म्हणजे कोणीही जिंको, दर शंभरामागे दहा धंदेवाल्याचे. पत्तीचा, म्हणजे क्रम न धरता घेतलेल्या तीन अंकांच्या गटाचा, गैरसमज आणखी गंमतीशीर आहे. पत्त्या एकूण २२०, त्यामुळे प्रत्येकीची शक्यता २२० मध्ये एक असं वाटतं. पण तीन अंक वेगवेगळे काढले तर १-२-३ ही पत्ती सहा क्रमांनी येऊ शकते, १-१-२ तीन क्रमांनी, १-१-१ एकाच. म्हणजे हजारात सहा, तीन आणि एक. १२० सिंगल पत्त्या, ९० डबल, १० ट्रिपल: ७२० + २७० + १० बरोबर १०००. आणि हे सगळं सोडत सचोटीने होते असं धरून, जे तपासायला तिथे कोणीच नसतं.

शेवटची पायरी: जे तिकीट घेतलंच नाही त्याचं बक्षीस

व्हॉट्सअॅपवर "तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली" असा मेसेज येतो, खाली एखाद्या प्रसिद्ध टीव्ही शोचा लोगो, वर सरकारी शिक्का. इथे शक्यता काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही, तिकीट नाही तर जोडी एकही नाही, भागाकाराच्या वर शून्य. टॅक्स आधी भरा मग बक्षीस मिळेल असं कोणी म्हटलं की तिथेच थांबा, खरा टॅक्स बक्षिसातूनच कापला जातो. परदेशी लॉटरीची तिकिटं भारतातून ऑनलाइन घ्या अशा जाहिराती पण येतात, पण लॉटरीच्या तिकिटासाठी देशाबाहेर पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या नियमांनी मनाई आहे, म्हणजे जिंकलात असं क्षणभर धरलं तरी गोत्यातच. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी ते पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवले जायची शक्यता जास्त.